येळवशीचं बोलावणं

“लातूरला? ऐन थंडीत? आणि तेही शेतात जेवायला?” माझं सामान भरणं चाललेलं पाहून शेजारच्या वहिनींनी विचारलं. त्यांचंही काही चुकलं नाही. प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं, कोकणातला समुद्र येतो, गेला बाजार अष्टविनायक तरी! मराठवाड्यात वेरूळ-अजिंठ्यापलीकडे ‘पाहायला’ म्हणून कोण जातं?

पण मैत्रिणींनो, माझी मावसबहीण लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली आहे. दर मार्गशीर्षात तिचं बोलावणं ठरलेलं, “एकदा येळवशीला ये गं!” आणि दर वर्षी माझी सबब ठरलेली. कधी मुलांच्या परीक्षा, कधी सासूबाईंचं आजारपण. २०२१ च्या करोनात तिचे यजमान गेले, त्यानंतर दोन वर्षं बोलावणंही आलं नाही. या वेळी, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये, ताईचा फोन आला आणि मी लगेच “येते” म्हणून टाकलं.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर आणि धाराशिव या भागात हा सण दिवाळीइतकाच मोठा. त्या दिवशी माणूस घरात राहतच नाही. गावंच्या गावं शेतात जातात, लातूर शहरातली दुकानं बंद, रस्ते ओस. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाल्यांकडून आमंत्रण. काळ्या आईची पूजा करायची आणि तिच्याच मांडीवर बसून जेवायचं, असा हा सण.

जायची वाट मी मुद्दाम वाकडी धरली. रात्रीच्या गाडीने आधी नांदेड गाठलं. गोदावरीकाठचं हे गाव शिखांचं मोठं तीर्थक्षेत्र. गुरू गोविंदसिंग इथेच १७०८ साली निवर्तले, आणि महाराजा रणजितसिंगांनी पुढे १८३२ ते १८३७ च्या काळात सचखंड गुरुद्वारा बांधवला. पहाटे दर्शन घेतलं, लंगरमध्ये पंगतीला बसले. शेकडो माणसांचा स्वयंपाक आणि कुठे गडबड नाही, आरडाओरडा नाही. आपल्याकडे पंचवीस पानं बसायची तर किती तारांबळ उडते, ते आठवून हसू आलं.

नांदेड हे कापसाचंही गाव. इथल्या कापूस संशोधन केंद्रातून १९८४ साली निघालेलं ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण एके काळी शेतकऱ्यांच्या तोंडी होतं. लंगरमध्ये शेजारी बसलेल्या एक आजी हदगावकडच्या. त्यांना एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस स्वच्छ आठवत होते. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षं महाराष्ट्रात कापूस सरकारलाच घालावा लागे. “गाड्यायची रांग लागायची माय, दोन-दोन दिवस. घरधनी गाडीवर झोपायचे अन् म्या भाकरी पोचवायची,” त्या सांगत होत्या. मी विचारलं, “आणि पैसे?” त्या म्हणाल्या, “पैशे येचे की. त्यायच्या नावावर येचे.”

त्या वेळी हे वाक्य मी नुसतंच ऐकून घेतलं. पुढचे दोन दिवस ते माझ्या पाठीशी लागणार आहे, हे काही ठाऊक नव्हतं.

नांदेडहून लातूरला एस.टी. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर अशी जाते. तिकीट काढताना कंडक्टरने न सांगताच अर्धं दिलं. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. या गाडीत मात्र त्याचा अर्थ समजला. निम्म्याहून अधिक गाडी बायकांनीच भरलेली! कुणी लेकीकडे, कुणी दवाखान्यात, तर कुणी निव्वळ माळेगावच्या जत्रेला. या सवलतीला कागद काय लागतो? काहीच नाही. बाई असणं पुरतं.

माळेगावचा खंडोबा प्रसिद्ध आहे. येळवशीच्या आदल्या दिवसापासून इथे मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा बाजार, पाळणे, तमाशाचे तंबू, आणि बेलभंडाऱ्याने पिवळी झालेली वाट. मी दोन तास उतरले. यात्रेत शेतीचं प्रदर्शनही असतं. अर्धापूरकडची केळी, हातभर लांब कणसं, ऊस, हळद असं नीट मांडलेलं. एका मांडवात टेबल टाकून दोघे जण सरकारी योजनांची माहिती देत होते. फवारणीचा पंप, ठिबक, विहीर, पीक विमा. एक चाळिशीची बाई पुढे झाली आणि तिने पंपाची चौकशी केली. टेबलामागच्या मुलाने अदबीने विचारलं, “ताई, सातबारा कुणाच्या नावावर आहे?”

“मालकाच्या.”

“मग त्यांना पाठवा.”

“ते पुण्याला कामावर आहेत. शेत मीच करते.”

मुलगा ओशाळला. “तुम्हीच करता हो. पण अर्ज त्यांच्याच नावाने भरावा लागंल.”

त्याचा दोष नव्हता. त्याच्या पुढ्यातल्या छापील अर्जात शेत कोण करतं हा रकानाच नव्हता.

शहरातल्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. सातबारा म्हणजे गावच्या दप्तरातला नमुना सात आणि नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची ते असतं, बारामध्ये तीत काय पेरलं ते. शेतकऱ्याला सरकारकडून जे काही मिळतं ते बहुतेक या कागदाच्या वाटेने. २०१९ पासूनचे पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये, राज्याने २०२३ पासून त्यात घातलेले नमो योजनेचे आणखी ६,०००, पीक कर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत, हमीभावाची खरेदी. २०२५ पासून या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो क्रमांकही सातबारावर नाव असेल त्याचाच. थोडक्यात, सरकारच्या लेखी शेतकरी म्हणजे सातबारावरचं नाव. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतखात्यांपैकी सुमारे १४ टक्केच बायकांच्या नावे निघाली. आणि निंदणी, खुरपणी, वेचणी, मळणी कोण करतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

लातूरला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. ताई घ्यायला आली होती. गंजगोलाई पाहिल्याशिवाय लातूर पाहिलं असं होत नाही. १९१७ साली बांधलेली ही गोल बाजारपेठ. मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चहूकडे फुटणारे सोळा रस्ते. एकेका रस्त्याला एकेक बाजार, त्यामुळे चुकायला होतं खरं, पण फिरून फिरून पुन्हा देवीच्याच पायाशी येतो. आम्ही नवं बिंदगं घेतलं, चिंच, गूळ, हिरव्या मिरच्या घेतल्या, आणि ताई म्हणाली, “चल, तुला आमचा खरा बाजार दाखवते.”

खरा बाजार म्हणजे धान्याचं मार्केट यार्ड. सोयाबीन आणि तुरीचे भाव इथे काय निघतात यावर साऱ्या मराठवाड्याचं लक्ष असतं. डाळीच्या गिरण्याही इथे पुष्कळ. तुमच्या-माझ्या डब्यातली तूरडाळ कदाचित इथूनच आलेली असेल. आम्ही गेलो तेव्हा सौदे केव्हाच आटोपले होते. हमाल पोती रचत होते आणि बायका चाळणीखाली सांडलेले दाणे झाडून गोळा करत होत्या.

ताईने तिथेच, एका पोत्यांच्या थप्पीला टेकून, मला सारं सांगितलं.

तिच्या सासऱ्यांची अकरा एकर जमीन. ते गेले तेव्हा सातबारावर थोरल्या दिरांचं नाव लागलं, पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. त्या वेळी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. दोघे भाऊ होते, एकोपा होता. पुढे यजमान गेले. पाच-साडेपाच एकर ताई कसते. पेरणी, खत, मजूर, सारं तीच बघते. पण कागदावर ती कुठेच नाही. यजमानांचं नाव नव्हतंच, तर त्यांच्या मागे तिचं कुठून लागणार?

“सप्टेंबरात पाणी पाणी झालं बघ,” ताई म्हणाली. “काढायला आलेलं सोयाबीन चिखलात बसलं. पंचनामे झाले. पॅकेजही जाहीर झालं.”

ते मीही वाचलं होतं. २०२५ च्या पावसाळ्याने मराठवाड्याची दैना केली आणि ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली होती.

“मग तुला मिळाली की नाही?”

“दादांच्या खात्यात आली. सातबारा त्यांचा.” ताई थोडं थांबली. “दादा वाईट नाहीत गं. माझा वाटा दिला त्यांनी, एक पैसा ठेवला नाही. पण मला जाऊन मागावा लागला. माझंच सोयाबीन बुडलं आणि मीच दारात उभी! वाचलेलं चार पोती सोयाबीन हमीभावाला घालावं म्हटलं, तर नोंदणीला सातबारा, पीक पाहणी, बँकेचं पासबुक, सगळं एकाच नावाचं पाहिजे. हमीभाव ५,३२८ आणि बाहेर भाव त्याहून कितीतरी कमी. शेवटी दादांच्याच नावावर घातलं. म्हणजे पुन्हा त्यांच्याकडूनच घ्यायचे.”

हमीभाव म्हणजे काय, तर बाजार कितीही पडला तरी यापेक्षा कमी भावाने आम्ही घेणार नाही, असा सरकारचा शब्द. २०२५ च्या खरिपात तुरीचा ८,००० रुपये क्विंटल होता, सोयाबीनचा ५,३२८. शब्द चांगलाच आहे. पण तो ऐकू जाण्यासाठी आधी कागदावर नाव लागतं. शिवाय दाण्यात ओलावा किती, बारदाना आहे की नाही, केंद्र कधी उघडणार, हे पुढचे प्रश्न. ताईची गाडी पहिल्याच प्रश्नाशी अडली होती.

“मग तू बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“कशी बोलू? ‘नाव लावा’ म्हटलं की लोकांना ‘वाटणी करा’ असं ऐकू येतं. विधवा सून घर फोडायला निघाली म्हणतील.”

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. सुचणार कसं? मी स्वतः १९९८ साली माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडीवर सही करून आले होते. वहिनींनी साडी नेसवली होती, जेवायला पुरणपोळी होती. कागदात काय लिहिलंय ते मी वाचलंही नव्हतं. भावावर राग नाही, आजही नाही. पण वाचलं नव्हतं, हे खरं.

रात्री गावी पोचलो तो घरात चूल पेटलेलीच. येळवशीचा स्वयंपाक रात्रभर चालतो. थोरल्या जाऊबाई, माहेरी आलेल्या दोन नणंदा, ताई, सगळ्याच कामाला. मुख्य पदार्थ भज्जी. आपल्या भजीशी हिचा काही संबंध नाही बरं का! तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, वांगी, जे काही शेतात असेल ते सगळं शिजवून घ्यायचं. चिंचेच्या कोळात बेसन कालवून त्यात लावायचं, वरून हिरवी मिरची आणि लसणाची भरपूर फोडणी. घट्टसर झाली की झाली. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील. घरी करून पाहा, मात्र चिंचेत हात आखडू नका.

ताईच्या भज्जीत जे जे पडलं ते तिच्या ‘एका एकरा’तलं होतं. ही एका एकराची गोष्टही सांगण्याजोगी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तो याच औसा तालुक्यात. त्यानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या बायका पहिल्यांदा बैठकांना बसू लागल्या. त्यातून वाढलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने पुढे बायकांना एक साधी गोष्ट शिकवली. घरच्या जमिनीतलं अर्धा-एक एकर स्वतःकडे मागून घ्या, आणि तिथे सोयाबीन नको, घरात खायला लागतं ते पेरा. ज्वारी, डाळी, भाजीपाला. थोड्या पाण्यात येणारं, शेणखतावर पोसणारं. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं. योगायोग पाहा, त्याच २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर! उसाच्या आणि नगदी पिकांच्या नादात कोरड्या पडलेल्या मुलखात बायकांची ही एकराची शेती शहाणपणाची ठरली. गेल्या पावसात ताईचं सोयाबीन गेलं, पण बांधाकडच्या उंच एकरातली तूर उभी राहिली. दिवाळीनंतर घर त्या एकरावरच चाललं होतं.

सकाळी आम्ही निघालो. बायांच्या डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेली आंबिलाची बिंदगी, पोरांच्या हातात ऊस. शेतात कडब्याची कोप उभी केलेली. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. शेजारी लक्ष्मी. दादांनी पूजा केली, मग सारे शेतभर फिरून आंबील आणि भज्जी शिंपडत आले. चारी बाजूंना पोटरीत आलेली ज्वारी, शेंगांनी वाकलेली तूर, करडईच्या काटेरी रांगा. प्रत्येक शेतात अशीच कोप, अशीच माणसं. आल्यागेल्याला हाका मारून जेवायला बसवत होते. मला तर तीन शेतांत जेवावं लागलं.

दुपारी सारे सैलावून बसले होते. ताईच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणते, सत्तरी ओलांडलेल्या पण नजर तीक्ष्ण. मी सहज विचारलं, “मावशी, तुम्ही बहात्तरचा दुष्काळ पाहिला असेल?”

“पाह्यला? भोगला की बाई.” त्यांनी दादांकडे बोट केलं. “ह्यो पाठीला होता. औश्याच्या सडकंवर खडी फोडली म्या. हातात हातोडा, खायला सुकडी, अन् रेशनला ती लाल मिलो.”

मैत्रिणींनो, ते दिवस आपल्या आयांनी शहरातही रेशनच्या रांगेत काढले. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्याच काळात रोजगार हमी योजना आकाराला आली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना, १९६५ साली सांगलीकडे तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला होता. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम द्यायचं, हा सरकारवर बांधलेला कायदा. त्यासाठी पैसा कुठून आला ठाऊक आहे? नोकरदारांच्या पगारातून महिन्याला जो व्यवसाय कर कापतात, त्यातून. १९७५ साली तो बसवला तो मुख्यतः याच कामासाठी. म्हणजे पुढे रोजगार हमीवर राबणाऱ्या मावशींसारख्या बायकांच्या भाकरीत तुमच्या-माझ्या घरच्या पगारातला घासही होता. २००५ साली दिल्लीने महाराष्ट्राचाच कित्ता गिरवून देशभर तसा कायदा केला. पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत नांदेडही होतं. आम्ही येळवशीला गेलो त्याच महिन्यात संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या कामाचा नवा कायदा मंजूर केला. तो कसा चालतो ते दिसेलच.

मावशींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना आठवत होता तो हजेरीपट.

“मुकादम नाव पुकारायचा. माझं नाव. ‘अमक्याची बायको’ नव्हं, माझंच. बाजाराच्या दिशी पगार. अंगठा माझा, पैसा माझ्या हातावर. मालक बाजूच्या ओळीत हुते, त्यायचा त्यायला, माझा मला. त्या पैशातून म्या ह्याला अंगडं घेतलं.”

ताई भांडी आवरत होती, तिचा हात थांबला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेले, “मग मावशी, सातबारावर कुणाचं नाव आहे हो?”

“माझं असंल की. मालक गेल्यावर माझंच की.”

कुणी बोलेना. दादा बांधाकडे पाहत होते. शेवटी त्यांनीच सांगितलं, “तुझं न्हाई आई. माझं हाय. तवा तलाठी म्हणाले, एकाचं लावलं की बास होतंय.”

“म्हंजी सरकारच्या खडीवर माझं नाव, अन् माझ्या रानात न्हाई?”

त्या चिडल्या नव्हत्या. नुसत्या विचारत होत्या. दादा पन्नाशीचे गृहस्थ, पोरासारखे गोंधळले. “मी कुठं नको म्हणलो? कुणी विचारलंच न्हाई आजवर.”

“मंग म्या इचारलालेव. आधी माझं लाव. मंग हिचं, लेकरायचं. पोरीयचंबी लाव.” मावशींनी ताईकडे पाहिलं. “रान तोडायचं न्हाई. नाव लावायचं. दोन्ही येगळं हाय.”

जे ताईला चार वर्षं सांगता येत नव्हतं ते मावशींनी दोन वाक्यांत सांगितलं. थोरल्या जाऊबाईंचा चेहरा जरा उतरला, हे मी लपवत नाही. दोन्ही नणंदा एकमेकींकडे पाहू लागल्या. पण दादा म्हणाले, “सोमवारी जाऊ.” आणि ते गेले.

आता तुमच्यासाठी कामाचं. तुमचं सासर-माहेर शेतीवालं असेल तर या एवढ्या गोष्टी वहीत लिहून ठेवा.

घरच्या जमिनीचा सातबारा काढून पाहा. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या १५ रुपयांत मिळतो. त्यात कुणाकुणाची नावं आहेत ती वाचा. नुसतं ‘ए.कु.मॅ.’ असेल तर बाकीच्या वारसांची नावं लावण्यासाठी अर्ज करता येतो.

घरात कुणी जमीनधारक वारलं तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते फेरफार लिहितात, पंधरा दिवसांची नोटीस निघते, हरकत नसली तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

यजमान हयात असतील तर तेच अर्ज देऊन बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ या नावाने ही चळवळ चालवली आणि राज्य सरकारने १९९२ साली तसं परिपत्रक काढलं. लक्ष्मीची पूजा कोपीत करायची आणि घरच्या लक्ष्मीचं नाव कागदावर नाही, हा विरोध त्यांनी तेव्हाच दाखवला होता.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात तशी सुधारणा केली. तो हक्क सोडायचा की ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. पण सही करण्याआधी वाचा. माझ्यासारखं करू नका.

आणि शेतात काम करताना वीज पडून, साप चावून किंवा विहिरीत पडून मृत्यू आला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २ लाख रुपये मिळतात. २०१९ पासून सातबारावर नाव नसलेल्या घरातल्या एका माणसालाही ती लागू आहे. तीस दिवसांच्या आत तालुका कृषी कार्यालयात अर्ज करावा.

संक्रांतीला ताईचा फोन आला. नोटीस लागून पंधरा दिवस उलटले होते, हरकत कुणी घेतली नव्हती, मंडळ अधिकाऱ्यांची सही व्हायची होती. धाकट्या नणंदेने मात्र विचारलं होतं म्हणे, “माझं नाव लागलं तर पुढे मला वाटा मागता येईल का?” त्यावर घरात दोन दिवस अबोला. मग मावशी म्हणाल्या, “येईल. लेक हाय माझी.”

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी जगभर ‘महिला शेतकरी वर्ष’ म्हणून ठरवलं आहे. त्याचं अप्रूप मी ताईला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, “होऊ दे की. तुरी काढायला झाल्यात. दाणे पाठवू का थोडे?”

पाठव म्हटलं. भज्जीला लागतील.